रोटेशन आलं का, सर?

"गायकवाड, लॉग किती दिवसांचे असतात आपल्याकडे?" एमडी साहेबांनी विचारलं.

"नव्वद, साहेब," मी लॅपटॉप उघडता उघडता म्हणालो.

मग पान उघडलं. सगळ्यात जुनी नोंद सात दिवसांपूर्वीची होती. साहेबांना हवी होती तेवीस दिवसांपूर्वीची. केबिनच्या दाराशी शेतकी विभागातल्या शेळकेताई उभ्या होत्या आणि त्यांची नोकरी त्या तेवीस दिवसांपूर्वीच्या नोंदीवर अडकली होती. मी स्क्रीन साहेबांकडे वळवली नाही. उलट जरा माझ्याकडेच ओढून घेतली.

मी नगरचा. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच आहे. फायरवॉल बसवणं आणि सांभाळणं हा माझा वीस वर्षांचा धंदा. हा साखर कारखाना नेवासा तालुक्यातला. नाव घेत नाही, कारण या गोष्टीत लाज वाटावी असा मुख्य माणूस कारखान्याचा नव्हता, बाहेरून येऊन सही करून जाणारा होता.

फायरवॉल म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मध्ये बसवलेली एक चपटी पेटी. कोण येतंय, कोण जातंय ते ती बघते आणि नको त्याला अडवते. या कारखान्यात मुख्य सर्व्हरही मी तिच्या मागे ठेवला होता. त्यामुळे ऑफिसातल्या कुठल्याही टेबलावरून सर्व्हरकडे जायचं तर पेटीतूनच जावं लागे. जो जाईल त्याची ती एक ओळ लिहून ठेवते. कुठला कॉम्प्युटर, किती वाजता आला, किती वेळ होता. या ओळींना लॉग म्हणतात. गेटवर वॉचमनची वही असते, तसलंच काम. फक्त वॉचमन दिवसाला दोन पानं लिहितो आणि ही पेटी तेवढ्या वेळात गोण्या भरते.

गोण्या ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून लॉग रोटेशन असतं. ठरलेली वेळ झाली की चालू फाईल बंद करायची, तिला नंबर द्यायचा, नवी सुरू करायची. फाईली ठरलेल्या संख्येच्या वर गेल्या की सगळ्यात जुनी पुसून टाकायची. किती दिवसांच्या ठेवायच्या हे मशीन ठरवत नाही, माणूस ठरवतो. आणि शहाणा माणूस पुसायच्या आधी एक प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवायची सोय करतो. मी दोन्ही केलं होतं. करारातच तसं लिहिलेलं होतं: नव्वद दिवस, शिवाय एक प्रत स्टोअरमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर.

मग नोव्हेंबरात गाळप सुरू झालं आणि चौथ्याच दिवशी सकाळी फोन आला. काटा बंद.

वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर सर्व्हरला वजन पाठवतो, मग पावती निघते. पावती नाही तर गाडी हलत नाही. मी पोचलो तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर पार रस्त्यावर गेली होती. पेटीची डिस्क गच्च भरून पेटीच अडकली होती. हंगामात ट्रॅफिक किती वाढेल याचा अंदाज मी मे महिन्यात बांधला होता, बंद कारखाना बघून. त्यात स्टोअरमधला जुना कॉम्प्युटर कधीतरी आडवा झालेला. तिकडे जायच्या प्रती तुंबून राहिल्या होत्या.

साहेब माझ्या मागे उभे. "किती वेळ, गायकवाड?"

"दहा मिनिटं, साहेब."

जुने लॉग पुसले. नव्वदचे सात केले. प्रत पाठवणं बंद केलं. पेटी बंद करून चालू केली. काटा सुरू झाला, ट्रॉल्या हलल्या, साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि चहा सांगितला. मी खिशातल्या डायरीत लिहिलं: 'लॉग परत ९० करणे. मोठी डिस्क.' ते पान मी उलटलं ते उलटलंच.

इथपर्यंतची मला फारशी लाज वाटत नाही. रांग रस्त्यावर गेलेली असताना माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्यानं हेच केलं असतं. पुढचं सांगताना मात्र मान खाली जाते.

महिन्याच्या व्हिजिटला मी एक छापील फॉर्म भरायचो. फॉर्म माझाच. चौदा ओळी आणि प्रत्येकीपुढे होय, नाही असे दोन चौकोन. नववी ओळ होती, 'लॉग नव्वद दिवसांचे असल्याचे उघडून तपासले.' डिसेंबरात होय. जानेवारीत होय. फेब्रुवारीत होय. खाली माझी सही, शिक्का, आणि पाहिले म्हणून साहेबांची सही. उघडून मी एकदाही बघितलं नव्हतं. केबिनबाहेरच्या बाकावर बसून चौदा टिका एका दमात मारायचो, देवळात शिरताना घंटा वाजवतात तशा.

आता शेळकेताईंबद्दल. चाळिशीच्या, सतरा वर्षं नोकरी, शेतकी विभागात ऊस नोंदीचं टेबल. आमच्या भागात हे टेबल साधं नाही. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, असा नियम. तोडणीची टोळी उशिरा आली की ऊस वाळतो आणि वजन घटतं, म्हणून लागणीच्या तारखेवरून सख्खे भाऊ बांधावर उभे राहून भांडतात. ती तारीख सर्व्हरवर भरायचं काम ताईंचं.

फेब्रुवारीच्या अखेरीस एक शेतकरी तणतणत साहेबांकडे आला. शेजाऱ्याची लागण त्याच्यानंतरची, मग शेजाऱ्याच्या फडात टोळी आधी कशी? तपासलं तर अकरा प्लॉटच्या तारखा महिनाभर मागे सरकवलेल्या निघाल्या. सगळ्या एकाच दुपारी, सव्वातीन ते पावणेचारच्या दरम्यान, आणि सगळ्या शेळकेताईंच्या लॉगिनवरून. वर त्या अकरांतला एक प्लॉट ताईंच्या चुलत दिराचा.

ताईंचं म्हणणं साधं होतं. त्या दुपारी त्या ऑफिसात नव्हत्याच. घोडेगावचा जनावरांचा बाजार होता आणि नवऱ्याबरोबर गाय विकायला त्या गेल्या होत्या. बाराला कॉम्प्युटर बंद करून, शेतकी अधिकाऱ्यांना तोंडी सांगून. पण मस्टरवर सकाळची सही होती, अर्ध्या रजेचा अर्ज नव्हता आणि शेतकी अधिकाऱ्यांना काही आठवत नव्हतं. ताईंचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असे, आख्ख्या विभागाला पाठ. सर्व्हर फक्त लॉगिनचं नाव लिहितो. कॉम्प्युटर कुठला होता ते लिहिते माझी पेटी. ताईंचा कॉम्प्युटर बारानंतर गप्प होता की नाही आणि सव्वातीनला कुठल्या टेबलावरून काम चाललं होतं, हे दोन ओळींत दिसलं असतं.

त्या दोन ओळी नव्हत्या.

"साहेब, जुने लॉग रोटेशनमध्ये गेले," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मशीनची सिस्टिमच असते तशी. जुने आपोआप बाजूला होतात, नव्यांना जागा करून देतात."

आपोआप. बाजूला. दोन्ही शब्द मी निवडून वापरले. साहेबांनी मान हलवली आणि चौकशी समिती नेमायचं बघू म्हणाले. मी बॅग उचलून बाहेर पडलो, तर ताई मागोमाग आल्या.

"सर, रोटेशन म्हंजी कॅनॉलचं आसतं, तसंच का?"

नेवाशात रोटेशन या शब्दाला एकच अर्थ आहे. धरणातून कालव्याला पाळीपाळीनं पाणी सुटतं, त्याला रोटेशन म्हणतात. एकाचं भिजवून झालं की पुढच्याची पाळी. पेपरात आवर्तन म्हणतात, बांधावर रोटेशनच.

"आमचं रान टेलला हाय," ताई म्हणाल्या. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. "लई उशिरा येतं पानी, पन येतं. तुमचं बी माघारी येईल ना?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पुसलेत ताई, आणि ते माझ्यामुळे. पण साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. ताईंच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की मला तिथून लवकर निघायचं होतं.

"बघू ताई. येईल," मी म्हणालो.

येईल. वीस वर्षांत ग्राहकांना मी बऱ्याच थापा मारल्या असतील, उद्या येतो, पार्ट मागवलाय, वगैरे. त्यांचं काही वाटत नाही. या एका शब्दाचं वाटतं.

चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर मेसेज आला: 'सर रोटेशन आले का'. मी उत्तर दिलं नाही. आठवड्यानं पुन्हा तोच. मग फोन. मी म्हणालो, "गाडी चालवतोय ताई." मी घरी डाळभात खात होतो. बायकोनं विचारलं, कोण? मी म्हणालो, कारखान्याचं काहीतरी. असे एकंदर पाच मेसेज आणि तीन फोन. तोवर ताईंना सक्तीच्या रजेवर पाठवलं होतं आणि गावात एव्हाना ठरूनच गेलं होतं की दिरासाठी बाईनं तारखा फिरवल्या.

मार्चच्या अखेरीस चौकशी झाली. तीन जणांची समिती, अध्यक्ष एमडी साहेबच. मला तांत्रिक माहितीसाठी बोलावलं होतं. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली. ताई पदर खांद्यावरून घेऊन समोर बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, तुमच्या बचावात काय सांगायचं आहे?

"मला जास्त काय सांगायचं न्हाई, साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या. "सरांच्या मशीनचं रोटेशन तेवढं येऊ द्या. त्यात समदं निघंल."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग समितीतले एक सदस्य म्हणाले, "बाई, ते काय कॅनॉल आहे का?" आणि सगळे हसले.

मीही हसलो. सगळे हसत असताना एकटा गप्प बसलो असतो तर कोणी माझ्याकडे बघितलं असतं, म्हणून हसलो.

साहेब माझ्याकडे वळले. "काय गायकवाड? येतात का परत?"

"नाही साहेब. पुसले गेलेत ते."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. हिशेब चुकला की वही पुन्हा वरपासून तपासतात, तसं. महिनाभर ही बाई दुसरं काहीच करत बसली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. गाय विकल्याची बाजार समितीची पावती काढली नाही, बाजारातला एक साक्षीदार गाठला नाही, वकिलाला विचारलं नाही. माझ्या 'येईल'वर विसंबून घरी बसली होती.

"सर," त्या म्हणाल्या, "आमच्या परत्येक रजिस्टरवर लिवलेलं आसतं, किती वर्सं ठिवायचं. तुमच्या मशीनला आसं काय नसतं का?"

"असतं."

"किती?"

"नव्वद दिवस."

"मंग तेवीस दिसांतच कसं पुसलं? कुनी केलं?"

"हंगामात लोड वाढल्यामुळे सेटिंग बदललं गेलं होतं," मी म्हणालो.

आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. बदललं गेलं. बदललं कोणी, ते सांगावं लागत नाही. साहेबांना ते माहीत होतं, ते तर नोव्हेंबरात माझ्या मागेच उभे होते. तेही काही बोलले नाहीत. समितीनं लिहून घेतलं: 'तांत्रिक कारणामुळे नोंदी उपलब्ध होऊ शकल्या नाहीत.' तांत्रिक कारण कोपऱ्यात चहा पीत बसलं होतं.

निकाल असा लागला की तारखा ताईंनीच बदलल्या हे सिद्ध होत नाही, पण पासवर्ड उघडा ठेवण्याचा निष्काळजीपणा सिद्ध होतो. नोंदीचं टेबल काढून घेतलं. बदली घोडेगावच्या गट ऑफिसला. गट ऑफिस म्हणजे कारखान्याचं गावातलं छोटं ऑफिस, दोन खोल्यांचं. पगार तोच. पण नाव गेलं ते गेलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी फॉर्मची फाईल काढली. का काढली, सांगता येत नाही. फेब्रुवारीच्या व्हिजिटची तारीख बघितली. माझी व्हिजिट घोडेगावच्या त्या बाजारानंतर चौथ्या दिवशी होती. म्हणजे मी बाकावर बसून नवव्या ओळीपुढे टीक मारत होतो तेव्हा त्या दोन ओळी आत, पेटीत, जिवंत होत्या. अजून तीन दिवस राहणार होत्या. नुसतं पान उघडलं असतं, साताचे नव्वद केले असते, तरी ताई सुटल्या असत्या. मला आरोपाची काही कल्पना असायची गरज नव्हती. फक्त जे केलं म्हणून सही केली, ते करायला हवं होतं.

हे कळल्यावरही मी दोन महिने गप्प होतो. मे महिन्यात एकदाचं पत्र लिहिलं, एमडी साहेबांच्या नावानं. लॉगची मुदत नव्वदवरून सात मी केली. परत वाढवायला मी विसरलो. तीन महिने न बघता होय लिहिलं. बघितलं असतं तर त्या दुपारच्या नोंदी मिळाल्या असत्या. यात एकही 'गेलं होतं' ठेवलं नाही. 'मी' किती वेळा आला ते मोजून बघितलं.

साहेबांनी पत्र वाचलं आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"शिळ्या कढीला कशाला ऊत आणता, गायकवाड? बाईंची नोकरी गेली का? नाही ना?"

"आवक करून घ्या साहेब."

"हे घेतलं तर तुमच्यावर कारवाई करावी लागेल."

"करा."

साहेबांनी दाराकडे बघितलं. "आणि त्या फॉर्मवर खाली माझी पण सही असते," ते हळूच म्हणाले. पत्र काही त्यांनी घेतलं नाही.

मी तसाच घोडेगावला गेलो. टळटळीत दुपार. गट ऑफिसात ताई एकट्याच होत्या, समोर आवक-जावकचं रजिस्टर. बसा म्हणाल्या, माठातलं पाणी दिलं. मी पत्र पुढे केलं. त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बोट फिरवत. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नव्हतो, म्हणून रजिस्टरकडे बघत होतो.

"यावर आवक नंबर न्हाई, सर."

"घेतलं नाही त्यांनी."

"मंग हे त्यांच्याकडं आलंच न्हाई."

ऑफिसात राहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आवक नंबर नाही तो कागद जन्मालाच आलेला नसतो. ताईंनी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला, पॅडवर दाबला आणि माझ्या पत्राच्या कोपऱ्यात उमटवला. नंबर टाकला, तारीख टाकली. मग रजिस्टर ओढलं.

"हितली आवक माझ्याकडंच हाय. विषय काय लिवू?"

"लॉगच्या सेटिंगबाबत," मी म्हणालो.

त्यांनी पेन उचललं आणि स्वतःच्या मनानं लिहिलं: 'नोंदी कोणी पुसल्या त्याबाबत.'

"आता उद्याच्या टपालात हे हेड ऑफिसला जाईल. गटाकडनं आलेलं टपाल त्यास्नी माघारी लावता येत न्हाई. काय ना काय उत्तर द्यावंच लागतं." मग झेरॉक्सवर शिक्का मारून माझ्या हातात दिली. "ही तुमची पोच."

"ताई, मी त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. तुम्हाला येईल म्हणालो..."

"टेलला आसंच आसतं, सर," त्या म्हणाल्या. "रोटेशन येतं. पन पीक वाळल्यावर."

हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. पुढचं टपाल उघडायला लागल्या. मी पोच घडी करून खिशात घातली आणि निघालो.

तीन आठवड्यांनी हेड ऑफिसचं उत्तर आलं. एक ओळ: 'आपले पत्र दप्तरी दाखल करण्यात आले आहे.' माझा करार पुढे वाढवला नाही, ते योग्यच झालं. ताईंनी अर्ज करून त्या पत्राची एक प्रत स्वतःच्या सेवापुस्तकाला जोडून घेतली. टेबल परत मिळालं नाही. त्या दुपारी तारखा कोणी बदलल्या हे आजही कोणाला माहीत नाही, आणि ते कधी कळणार नाही याला मी कारण आहे.

माझ्या फॉर्मवर आता नवव्या ओळीपुढे चौकोन नाहीत. तिथे लिहिलंय, 'पेटीतली सगळ्यात जुनी नोंद कोणत्या तारखेची आहे?' पुढे रिकामी जागा. तिथे टीक मारता येत नाही.

आणि ग्राहकांशी बोलताना रोटेशन हा शब्द मी सोडला. जुन्या नोंदी पुसतो, असं सरळ म्हणतो. ऐकायला वाईट वाटतं. समोरचा लगेच दचकून विचारतो, "किती दिवसांनी?" मग मी थांबा म्हणतो, लॅपटॉप उघडतो, बघतो, आणि मगच सांगतो.